सुलोचनाबाईंचा खुलासा

सुलोचनाबाई माझ्या छापखान्यात पाऊल टाकतात, तेव्हा त्यांचं अर्धं वाक्य बाहेर रस्त्यावरच बोलून झालेलं असतं. एक मोबाइल कानाला, दुसरा पर्समध्ये वाजतोय, स्कूटरची चावी बोटात गरगर फिरतेय. नऊ वर्षं झाली, दर महिन्याच्या वीस तारखेला हे वादळ डिचोलीच्या बाजारातल्या माझ्या दुकानात शिरतं. मी खुर्ची पुढे करतो आणि त्या बसत नाहीत. माझ्या मागे उभं राहून कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट नाचवतात. "भाऊ, टँकराचा वेळापत्रक मोठ्या अक्षरांत घाला. म्हाताऱ्या माणसांका दिसूक होया."

आमच्या आमदारांचं ‘मतदारसंघ वृत्त’ नावाचं चार पानी पत्रक निघतं. सुलोचनाबाई ते लिहितात, मी जुळवतो आणि छापतो. पहिल्या पानावर आमदारांचा हसरा फोटो असतो, तो नऊ वर्षांत बदललेला नाही. आत वीज कुठल्या दिवशी जाणार, टँकर कुठल्या वाड्यावर किती वाजता, योजनेचे अर्ज कुठे मिळतील, डोळे तपासायचं शिबिर कधी, दहावीला कुणाच्या मुलीने किती टक्के काढले. शेवटच्या पानावर कुणाकडे कोण वारलं. पत्रक काढून उरलेला वेळ लोकांची कामं करायची, ही त्यांची नोकरी. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवणं, म्हातारीचा हयातीचा कागद. आमदारांना लोक ‘बाब’ म्हणतात. बाब महिन्यातून एकदा दिसले तर दिसले, पण बाबाकडली सुलोचना रोज दिसते, आणि लोकांचं काम होतं ते तिच्याकडून. हे मी बाबांच्या तोंडावरही बोललोय. ते हसले. त्यांना हसायची सवय आहे.

एक गोष्ट सुलोचनाबाईंनी मला पहिल्याच वर्षी समजावली होती. लोक पत्रक वाचत नाहीत, त्यातली नावं वाचतात. रस्ता झाला की नाही हे त्यांना रस्त्यावरून चालताना कळतं, त्यासाठी छापील कागद कशाला? पण शाळेला पंखा दिलेल्यांच्या यादीत आपलं नाव आहे का, असलं तर कितवं, आणि ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे त्याचं आपल्या वर तर नाही ना, हे मात्र चष्मा पुसून बघतात. चाळीस वर्षं मी छपाई करतोय, बातमी खोटी म्हणून कुणी माझ्याशी भांडलं नाही. नावांवरून दोघांनी माझी कॉलर धरलेली आहे. म्हणून नावांच्या बाबतीत सुलोचनाबाई फार जपून असत. कुणाच्या नावापुढे गुरुजी लावायचं, कुणाच्या बापाच्या नावापुढे कै. राहता कामा नये, कारण बाप अजून दुकानावर बसतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात. डायरीत काही नाही.

त्या मूळच्या हद्दीपलीकडच्या, सिंधुदुर्गातल्या. दोडामार्गकडचं एक गाव. लग्न झालं तेव्हा त्यांचे यजमान, मधुकर गवस, शिरगावच्या खाणीवर खनिजाचा टिपर ट्रक चालवत होते. सावरगाळ गावाच्या माथ्यावर, सड्याला, म्हणजे खडकाळ पठाराला लागून, तिकडूनच आलेल्या ड्रायव्हर-मजुरांची तेरा घरं होती. गावाने त्याला नाव दिलं टिपरवाडा. पुढे खाणी बंद पडल्या, टिपर गंजले, विकले गेले. मधुकरची पाठ कामातून गेली आणि तो एका गोदामावर राखणीला बसू लागला. टिपर नाहीत, पण टिपरवाडा तसाच आहे. सुलोचनाबाईंना तिथे बावीस वर्षं झाली. मुलगी तनया इथेच जन्मली, इथल्या शाळेत शिकली, आता डिचोलीत कॉलेजला आहे.

या बावीस वर्षांत बाईंनी सावरगाळ पाठ करून टाकलं. चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी रानातली कुठली फळं कुठे मिळतात, बायकांच्या धालोत कुठलं गाणं कुठल्या दिवशी, जत्रेला पालखीचा पुढचा दांडा कोण धरतो. नव्या सुना सासूला विचारायला भितात आणि सुलोचनाबाईंना विचारतात. तरीही गावात टिपरवाड्याचा विषय निघाला की एक शब्द येतोच. भायले. म्हणजे बाहेरचे. शिवी म्हणून नाही हो, रागाने तर नाहीच. ‘आज उकडतंय’ म्हणावं इतक्या सहज म्हणतात. सुलोचनाबाई तो शब्द ऐकला की पर्समध्ये काहीतरी शोधायला लागत.

टिपरवाड्याला नळ नव्हता. खाली गावाला होता, वर चढत नव्हता. एक दिवसाआड टँकर, त्यासाठी पिंपांची रांग, आणि टँकर चुकला तर खालच्या झरीवरून डोक्यावर बालदी. गंमत अशी की साऱ्या मतदारसंघाला टँकरची वेळ कळवणाऱ्या बाईला कामावर असल्यामुळे स्वतःचा टँकर गाठता येत नसे. मधुकर वाकू शकत नाही. तनया कॉलेजला जायच्या आधी झरीवर दोन खेपा घाली. सात वर्षं सुलोचनाबाई त्या नळाच्या मागे होत्या. अर्ज, सह्या, पाहणी, पुन्हा अर्ज. शेवटी मंजुरी आली, पाइपसुद्धा येऊन रस्त्याकडेला पडले. अडलं होतं शंभरेक पावलांत. तेवढी जागा देवस्थानची होती, आणि देवस्थानच्या जागेतून पाइप न्यायचा तर तिन्ही वांगडांची ना-हरकत हवी.

वांगड म्हणजे गाव वसवणाऱ्या मूळ कुळांपैकी एक. सावरगाळात तीन आहेत, आणि देवळातलं प्रत्येक काम त्यांच्या क्रमाने होतं. पहिल्या वांगडाने नारळ ठेवायचा, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. हा मान. पहिल्या वांगडाचा प्रमुख सध्या प्रज्योत, वय अठ्ठावीस, कारखान्यात इंजिनीअर. बाप वारला म्हणून मान त्याच्याकडे आला. दुसऱ्याचे गोकुळदासबाब, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त, वय सत्तर. तिसऱ्या वांगडाचे म्हातारे दोघांपैकी जो आधी बोलेल त्याला हो म्हणतात.

अठरा फेब्रुवारीला देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, बैठक झाली आणि तिघांनी सह्या केल्या. त्या दिवशी सुलोचनाबाईंनी टिपरवाड्यावर पेढे वाटले. वीस तारखेला बातमी घेऊन माझ्याकडे आल्या. मी जुळवता जुळवता थांबलो. गोकुळदासबाबांचं नाव पहिलं होतं, प्रज्योतचं दुसरं.

"बाई, उलटं झालंय," मी म्हटलं. "पहिलं वांगड प्रज्योतचं ना?"

"उलटा नाय, भाऊ. बरोबर आसा." त्यांचा आवाज खाली आला, देवळात बोलल्यागत. "प्रज्योताक सुतक आसा. तेची चुलती गेली धा तारखेक. सुतकात पयल्या वांगडाचो मान दुसऱ्याकडे जाता. तो बैठकीक अग्रशाळेत पाय सुदीक ठेवूक नाय. भायर आंब्याखाली उभो रवलो, थयसरच सही केली. मग त्या दिवसाच्या बातमीत पयलो कोण?"

मी चाट पडलो. असला बारकावा गावातल्या जन्मलेल्या माणसाच्याही लक्षात आला नसता. "तुम्ही तर आता गावकारीणच झालात," मी म्हणालो. त्या हसल्या. नऊ वर्षांत त्या माझ्या दुकानात इतक्या मोकळ्या हसल्याचं मला आठवत नाही. मीही खूश होऊन पान छापायला सोडलं, आणि तिथेच आम्ही दोघांनी माती खाल्ली.

चोवीस तारखेला पत्रक घरोघरी गेलं. सकाळीच गोकुळदासबाबांचा फोन. जास्तीच्या पन्नास प्रती पाहिजेत म्हणाले, जावई घ्यायला येईल. मी मूर्खासारखा छापून दिल्या. गिऱ्हाईक आलं की मला दुसरं काही सुचत नाही. दुपारी त्यांनी त्यातली एक प्लास्टिकमध्ये मढवून दिवाणखान्यात लावली, देवाच्या तसबिरीखाली. संध्याकाळी प्रज्योत माझ्या दुकानाच्या दारात उभा होता.

मुलगा वाईट नाही. ओरडला नाही. कागद टेबलावर ठेवला, तारखेवर बोट ठेवलं. "काका, सुतक बावीसाक सोंपलें. हें चोवीसाक आयलें. सुतक सोंपता, कागद सोंपना."

तेव्हा मला कळलं, सगळं एकदम. त्याच्या आजोबांमध्ये आणि गोकुळदासबाबांच्या वडिलांमध्ये पहिला मान कुणाचा यावरून कोर्टात केस चालली होती. चौदा वर्षांनी समेट झाला, पण दोन्ही घरांत ती कागदपत्रं अजून पत्र्याच्या पेटीत आहेत. आता आमदाराच्या नावाने, तारखेसह, छापील कागदावर दुसरं वांगड पहिलं आलं. उद्या, वीस वर्षांनी, कुणी हाच कागद कोर्टात काढला तर? देवळात सुतकापुरता गेलेला मान सुतक फिटलं की परत येतो. छापलेला परत येत नाही. सुलोचनाबाईंनी देवळाची रीत पत्रकाला लावली होती. ती रीत ठाऊक नसलेल्या माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती. त्याने नेहमीचा क्रम छापला असता आणि सगळे गप्प बसले असते.

दुसऱ्या दिवशी प्रज्योतने ना-हरकत मागे घेतल्याचं पत्र आमदारांच्या कार्यालयात दिलं. नळाच्या मंजुरीची मुदत एकतीस मार्चला संपत होती. काम सुरू झालं नाही तर सगळं पुन्हा पहिल्या अर्जापासून.

त्यानंतरचे दोन-अडीच आठवडे सुलोचनाबाई दिसायच्या त्या फक्त स्कूटरवर. चेहरा उतरला, डोळ्यांखाली काळं झालं. कार्यालयात एकाचा दाखला भरताना दुसऱ्याच्या बापाचं नाव लिहिलं, हे त्यांच्याकडून कधी झालं नव्हतं. फोन वाजला की दचकायच्या, नाही वाजला की उचलून बघायच्या. रोज टिपरवाड्यावरच्या बायका विचारायच्या, "काय झाला गे आमच्या नळाचा?" आणि रोज त्या म्हणायच्या, "होतलो, होतलो." पाइपांच्या ढिगावर शेळ्या बसायला लागल्या होत्या.

आधी आम्ही सोपा उपाय केला. छापखान्याची चूक म्हणून खुलासा द्यायचा. मी स्वतः सावरगाळला गेलो, प्रज्योतच्या घरी. त्याच्या आईने चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "तुमचो आजो आमच्या जत्रेक जेवून गेला. तुमच्या हातांतल्यान ही चूक जावंची ना. कोणें तरी करून घेतल्या." म्हणजे मी इथलाच असल्यामुळे माझी चूक, चूक धरली जाणार नव्हती. ती लबाडी ठरली.

मग नावं नेहमीच्या क्रमाने पुन्हा छापायची ठरवली. हे गोकुळदासबाबांच्या कानावर गेलं आणि त्यांनी निरोप धाडला. बातमी खरी होती, त्या दिवशी मान आमचाच होता, खरी बातमी खोटी म्हणून छापाल तर माझीही ना-हरकत रद्द समजा. इकडे आड, तिकडे विहीर. सुलोचनाबाई म्हणाल्या, देवाला कौल लावूया, पाकळी उजवी पडेल तसं करूया. दोघेही तयार झाले. मग प्रश्न आला की कौल लावताना देवापुढे पहिलं कोण उभं राहणार. तिथे ते बारगळलं. मला हसू आलं होतं, पण त्यांच्याकडे बघून गिळलं.

बाब या सगळ्यात मिठाची गुळणी धरून बसले होते. दोन्ही वांगडांची मिळून पाचशे मतं, टिपरवाड्याची तीस. हे गणित कुणी बोललं नाही. चौदा मार्चला मात्र त्यांनी सगळ्यांना कार्यालयात बोलावलं, मलाही. एका बाजूला प्रज्योत, दुसऱ्या बाजूला गोकुळदासबाब, मध्ये तिसरे म्हातारे. सुलोचनाबाई खिडकीजवळ उभ्या, हातात वही. बैठकीचं इतिवृत्त लिहायचं कामही त्यांचंच.

तासभर तेच ते चाललं. चुलती कुठल्या दिवशी गेली, सुतक कुठल्या दिवशी फिटलं, त्या जुन्या केसमध्ये काय ठरलं. पाववाला पदेर पाव देऊन गेला तरी कुणाचं लक्ष नाही. शेवटी गोकुळदासबाब दमले. त्यांनी चष्मा काढला आणि सुलोचनाबाईंकडे बघून, अगदी मायेने म्हणाले, "आमी हिचेर कित्याक तापतात? तिका बापडेक कितें खबर? ती भायली. तिणें बरयलें म्हणून मान वता कांय येता?"

प्रज्योतने मान वर केली. "तें खरें," तो म्हणाला. "भायल्या मनशाक रीत खबर नासली, तर त्या बरपाक अर्थच ना."

मी बघत होतो. दोघांच्याही खांद्यांवरचं ओझं उतरताना मला दिसलं. इतके दिवस शोधत होते ती वाट सापडली होती. लिहिणारी बाहेरची, तिला इथलं काही कळत नाही, म्हणून तिने लिहिलेला क्रम रद्दी. गोकुळदासबाब जिंकले नाहीत, प्रज्योत हरला नाही. तिसरे म्हातारे म्हणाले, "बरोबर." बाब तर टेबलावर हात आपटून उठलेच. "मग ठरलें. सुलोचना, तूंच एक खुलासो बरय. तुज्या नांवान. फुडल्या आठवड्यांत खणपाक सुरवात."

सुलोचनाबाई वहीत लिहीत होत्या. गोकुळदासबाबांचं वाक्य त्यांनी जसंच्या तसं इतिवृत्तात उतरवून घेतलं, हे मी मागून पाहिलं. मला तेव्हा उठून बोलायला हवं होतं. बाई, सुतकाचा नियम तुम्ही मला वीस तारखेला सांगितला होता, तो तुम्हाला ठाऊक होता हे या दोघांनाही सांगा, असं म्हणायला हवं होतं. मी बोललो नाही. नळ हातातून जाईल असं कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण एवढंच की मला त्या खोलीत वाईट व्हायचं नव्हतं. याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी त्या खुलाशाचा कागद घेऊन आल्या. बोट नाचवणं नाही, फोन दोन्ही बंद. मी वाचलं. ‘फेब्रुवारी अंकात सावरगाळ देवस्थानच्या मानकऱ्यांची नावे ज्या क्रमाने छापली गेली, त्या क्रमाला कोणताही अर्थ नाही. सदर बातमी लिहिणारी व्यक्ती बाहेरगावची असून तिला येथील रीतिरिवाजांची माहिती नाही. झालेल्या चुकीबद्दल ती समस्त मानकऱ्यांची क्षमा मागते.’ खाली नाव, सौ. सुलोचना मधुकर गवस.

"बाई, ‘अनवधानाने’ असं घालूया," मी म्हटलं. "‘नजरचुकीने’ म्हणूया. बाहेरगावची वगैरे कशाला?"

"नजरचूक म्हटला तर माका रीत ठावक होती असो अर्थ होता. मग परत सुरवात." त्यांनी कागदावर बोट टेकवलं. "हेच शब्द होये, भाऊ. ह्या शब्दांनीच पाणी येतला."

"आणि मधुकरराव काय म्हणाले?"

"तो म्हणता, नळ नको, ह्या लिवू नको. तेका म्हटलंय, बालदी तू आणतंस काय?" त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "माका वाईट वाटता, भाऊ. खूप वाईट वाटता. पण तेरा घरां आसत."

मी जुळवलं. पडद्यावर त्यांनी ते एकदा वाचलं आणि ‘माहिती नाही’च्या ऐवजी ‘काहीही माहिती नाही’ करायला सांगितलं. म्हणाल्या, अर्धवट नको. एकपानी पुरवणी म्हणून मी ते छापलं आणि पैसे लावले नाहीत. तेवढंच माझं प्रायश्चित्त, तेही स्वस्तातलं.

गठ्ठे न्यायला संध्याकाळी तनया आली, कॉलेजातून परस्पर. आई मागच्या खोलीत प्रती मोजत होती. मुलीने वरचा कागद उचलला, उभ्यानेच वाचला. पुन्हा वाचला. मला वाटलं रडेल, पण ती आईच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आई, तू भायली. बरं. मग मी कोण?"

सुलोचनाबाईंनी प्रती मोजणं थांबवलं नाही. बेचाळीस, त्रेचाळीस, असं पुटपुटत राहिल्या, मग आकडा चुकला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तनयाने दोन गठ्ठे उचलून स्कूटरवर नेऊन ठेवले. तिला उत्तर देणं माझं काम होतं, माझं घर इथे दोनशे वर्षांचं आहे.

प्रज्योतने शब्द पाळला. ना-हरकत मागे घेतल्याचं पत्र त्याने परत नेलं, तेवीस मार्चला खोदायला सुरुवात झाली. शिगमो आला, गेला, देवळात पहिल्या वांगडाने पहिला नारळ ठेवला, दुसऱ्याने दुसरा. गोकुळदासबाबांच्या दिवाणखान्यातलं मढवलेलं पत्रक खाली उतरलं की नाही हे मी विचारलं नाही. खुलाशाबद्दल गावात कुणी चेष्टासुद्धा केली नाही. उलट बायका सुलोचनाबाईंशी जास्त गोडीने वागू लागल्या. एका नव्या सुनेने मात्र देवकार्याचं काहीतरी विचारायचं म्हणून फोन केला आणि मध्येच म्हणाली, असू दे, मावशी, मी सासूबाईंनाच विचारते.

एप्रिलच्या दहा तारखेला टिपरवाड्याला पाणी आलं. मलाही बोलावणं होतं. तेरा घरांच्या बायका नव्या साड्या नेसून नळापाशी उभ्या. बाबांना पणजीत काम निघालं, ते आले नाहीत, त्यामुळे कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. प्रज्योतने नारळ फोडला, गोकुळदासबाबांनी दुसरा फोडला, तिसऱ्यांनी तिसरा. तोटी फिरवली. आधी हवा आली, मग तांबडं पाणी, खाणीच्या मातीचं, आणि मग स्वच्छ. बायकांनी सुलोचनाबाईंना पुढे ढकललं. त्यांनी ओंजळ भरून तोंडाला लावली आणि त्यांचे डोळे भरले. आनंद होताच, तो खोटा नव्हता. सात वर्षांचा होता. तनया मागे बालदी घेऊन उभी होती.

प्रज्योत जायला निघाला, तो परत फिरला. मला वाटतं त्याला मनात कुठेतरी टोचत होतं. सुलोचनाबाईंसमोर येऊन तो हलक्या आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागला.

"मावशे, एक सांगूं? राग मानूं नाका. फुडें परत चूक जावंची न्हय म्हणून सांगतां. आमगेर मानाची एक रीत आसा. पयलें वांगड सुतकांत आसलें, की मान दुसऱ्या वांगडाक वता. पूण तो थोड्याच दिसांपुरतो. सुतक सोंपलें की परत येता. कळ्ळें?"

तनयाने बालदी खाली ठेवली आणि आईकडे पाहिलं. मीही पाहिलं. नळ वाहतच होता.

सुलोचनाबाईंनी त्याचं सगळं नीट ऐकून घेतलं.

"असा होय?" त्या म्हणाल्या. "बरा झाला सांगलास, बाबा. माका म्हायत नव्हता."